दोन बुटांमधलं अंतर

फॉर्ममधला दुसरा प्रश्न असा आहे की ज्या दिवशी तुम्ही पिता त्या दिवशी साधारण किती ड्रिंक्स होतात. मी तो वाचून दाखवला, समोरचे गृहस्थ जरा वेळ छताकडे बघत बसले, मग म्हणाले तीन असतील, फार तर चार. आणि आतल्या खोलीतून, पडद्यामागून, बाईचा आवाज आला, "सात." एवढंच. रागाने नाही, टोमणा म्हणून नाही, कुणी पत्ता विचारल्यावर घर नंबर सांगावा तसा. त्यांनी मान वळवली पण काही बोलले नाहीत, माझ्याकडे बघून कसंनुसं हसले. आमचा नियम साधा आहे, उत्तर ज्याला प्रश्न विचारला त्याचं घ्यायचं, घरातल्या दुसऱ्या कुणाचं नाही, नाहीतर सगळ्या डेटाचा विचका होतो. मी "तीन किंवा चार"वर टिक केली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. त्या टिकेचा एक गुण. सातला तीन गुण मिळाले असते, आणि या फॉर्ममध्ये गुण जितके जास्त तितकं पिणं धोक्याचं.

निघताना मी चपला घालत होते तर त्या दारापर्यंत आल्या. पदराला हात पुसत म्हणाल्या, "ताई, सात लिहिलं ना?"

मी हो म्हणाले.

आता या गोष्टीला बरेच महिने झाले आणि मी त्यानंतर कितीतरी घरात जाऊन आले, पण ते "हो" माझ्या डोक्यातून जात नाही. खोटं बोलले म्हणून फक्त नाही, तसं रिसर्चमध्ये लोकांना बरं वाटावं म्हणून आपण बारीकसारीक खोटं बोलतोच. मला ते लागलं याचं कारण त्या बाई प्रश्न विचारताना माझ्या चेहऱ्याकडे ज्या पद्धतीने बघत होत्या ते. म्हणजे इतक्या वर्षांत पहिल्यांदा घरात असं कुणीतरी आलंय जे आकडे लिहून घेतंय, आणि त्यांच्याकडे आकडा तयार होता. त्यांनी तो मोजलेला होता. रोज मोजलेला होता.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, ही दहा प्रश्नांची यादी जागतिक आरोग्य संघटनेने सहा देशांत तपासून बनवली, ऑस्ट्रेलिया, बल्गेरिया, केनिया, मेक्सिको, नॉर्वे आणि अमेरिका, आणि 1989 मध्ये ती पहिल्यांदा बाहेर आली. हेतू फार चांगला होता, की जगात कुठेही, कुठल्याही दवाखान्यात, पाच मिनिटात कळावं या माणसाचं पिणं धोक्याच्या वळणावर आहे का. आणि ती चालते, खरंच चालते, मी तिच्या विरोधात नाही. पण काम करायला लागल्यावर पहिल्या आठवड्यातच लक्षात येतं की "एक ड्रिंक" हीच गोष्ट जगभर एक नाही. ब्रिटनमध्ये एक युनिट म्हणजे 8 ग्रॅम अल्कोहोल, ऑस्ट्रेलियात 10, अमेरिकेत 14, जपानमध्ये पारंपरिक माप जवळजवळ 20. म्हणजे एकच माणूस एकाच रात्री कुठे दोन प्यायला आणि कुठे पाच. आणि हे झालं कागदावरचं. घरात ग्लास कुणाचा, किती भरला, पाणी किती घातलं, आधी बाहेर काय झालं होतं, हे पिणाऱ्याला सुद्धा सकाळी सांगता येत नाही. ते सांगता येतं फक्त जो जागा राहून बघत होता त्याला.

आमच्या घरी ग्लास दिसायचेच नाहीत, बाबा बाहेर पिऊन यायचे. त्यामुळे मोजायचं काय आणि कसं हा प्रश्न होता. मी साधारण नऊ वर्षांची असताना मला ते माप सापडलं. दाराबाहेर बूट काढायची जागा होती. पहिला बूट पडल्याचा आवाज यायचा, मग मधे थोडी शांतता, मग दुसरा बूट. सगळं त्या मधल्या शांततेत असायचं. दोन आकडे मोजून होईपर्यंत दुसरा बूट पडला तर ठीक, आज जेवण होईल, आज कदाचित गोष्टही सांगतील. पाचापर्यंत गेलं म्हणजे एक हात भिंतीला टेकवलाय. दहा झाले म्हणजे मी वह्या आवरून दप्तरात घालायचे, कारण वह्या बाहेर असणं बरं नसायचं. आणि कधी कधी दुसरा बूट पडायचाच नाही, ते एका पायात बूट तसाच ठेवून आत यायचे, आणि त्या रात्री मोजायला काही उरायचं नाही. मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. अंधारात पडून ओठ न हलवता मोजायचं, एक, दोन, तीन. आजही कुठल्या घरात मुलाखतीला गेले आणि दाराबाहेर कुणी बूट काढत असलं की माझं मन आपोआप मोजायला लागतं, बोलणं चालू असतं, पेन चालू असतं आणि आत आकडे चालू असतात.

ते "सात" मला ओळखीचं का वाटलं ते आता कळत असेल.

या विषयात शिरले तेव्हा पहिलं वर्ष मी शब्दांशीच झगडत होते. "मद्यपाश" हा पुस्तकी शब्द ठीक आहे, पण प्रश्न विचारताना तो कुणाला कळत नाही. युरोपात सुद्धा या अवस्थेला नाव मिळायला बराच काळ गेला, 1849 मध्ये स्वीडनच्या माग्नुस हुस या डॉक्टरने दारूच्या जुनाट परिणामांना आजाराचं नाव दिलं, आणि "अवलंबित्व" ही कल्पना ज्या स्वरूपात आज आपण वापरतो ती ग्रिफिथ एडवर्ड्स आणि मिल्टन ग्रॉस यांनी 1976 मध्ये मांडली, म्हणजे तलफ, सहनशक्ती वाढत जाणं, थांबवलं की शरीर बंड करणं, आणि बाकी सगळ्या गोष्टी मागे पडत पिणंच आयुष्याच्या मध्यावर येऊन बसणं. मग 1990 च्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेने नऊ ठिकाणी तपासून पाहिलं की या कल्पना सगळीकडे चालतात का. अंकारा, अथेन्स, बंगलोर, इबादान, मेक्सिको सिटी, सोल, अशी एकमेकांपासून किती लांबची ठिकाणं. आणि अडचणी आल्याच, कारण बऱ्याच शब्दांना दुसऱ्या भाषेत सरळ जोडीचा शब्द मिळेना. रशियन भाषेत मात्र "झापोय" असा एक शब्द आहे, दिवसेंदिवस न थांबता चाललेल्या पिण्याला, ज्यात माणूस जणू घराबाहेर पडून कुठल्यातरी दुसऱ्या ठिकाणी राहायला जातो आणि काही दिवसांनी परत येतो. तो शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा मला हेवा वाटला. आमच्या घरात त्या दिवसांना काही नावच नव्हतं, आई म्हणायची "ह्यांचं चालू आहे."

आपल्याकडचा शब्द बघा. दारू लागली. भूक लागते, तहान लागते, ठेच लागते, आग लागते, वेड लागतं, तसंच व्यसन लागतं, दारू लागते. या सगळ्यात माणूस काही करत नाही, त्याला ते होतं, बाहेरून येऊन चिकटतं. पण सुटायची वेळ आली की आपण म्हणतो त्याने दारू सोडली, किंवा सोडत नाही. म्हणजे लागताना त्याचा हात नव्हता आणि सोडताना मात्र सगळं त्याच्याच हातात. मी कित्येक दिवस या दोन क्रियापदांमधे अडकून पडले होते. कारण माझ्या घरात सुद्धा नेमकं हेच भांडण होतं. आजी म्हणायची, "त्याला लागली रे ती, तो काय करणार." आत्या म्हणायची, "मनात आणलं तर उद्या सोडेल." आई दोघींचं ऐकून घ्यायची.

संस्कृतींचा अभ्यास वाचायला लागले तेव्हा सुरुवातीला मला नुसती उत्सुकता होती, दुसऱ्यांच्या घरात डोकावायची असते तशी. 1950 च्या दशकात ड्वाइट हीथ नावाचा मानववंशशास्त्रज्ञ पूर्व बोलिव्हियातल्या कांबा लोकांमध्ये राहिला. ते लोक जी दारू प्यायचे तिच्यात अल्कोहोल होतं 89 टक्के, घशात जाळ करत जाणारी, आणि ते बेशुद्ध पडेपर्यंत प्यायचे, उठून परत प्यायचे. पण त्यांच्यात दारूवरून मारामारी नाही, शिवीगाळ नाही, बायकामुलांवर हात नाही. एकट्याने कुणी प्यायचं नाही. एकच ग्लास फिरायचा, प्रत्येक घोट कुणालातरी उद्देशून. मला आठवतंय मी हे वाचत होते आणि माझ्या छातीत काहीतरी घट्ट होत गेलं, कारण मला घरात लहानपणापासून सांगितलं गेलं होतं की दारूच माणसाकडून हे सगळं करवून घेते, बाबा तसे नाहीत, दारू तशी आहे. मग या लोकांच्या अंगात 89 टक्क्यांची दारू जाऊन ती त्यांच्याकडून काहीच का करवून घेत नव्हती?

पुढे क्रेग मॅकअँड्र्यू आणि रॉबर्ट एजर्टन यांचं 1969 सालचं म्हणणं हाती आलं. त्यांनी जगभरातल्या समाजांच्या नोंदी एकत्र ठेवून बघितल्या आणि मांडलं की प्यायल्यावर पाय लटपटतात, जीभ जड होते हे सगळीकडे सारखं, पण प्यायल्यावर माणूस कसा वागतो ते तो आपल्या समाजाकडून शिकतो. जिथे प्यालेल्याला सगळं माफ असतं तिथे तो माफ होण्यासारखं सगळं करतो. आणि त्यात सुद्धा एक रेषा असते, जी सहसा ओलांडली जात नाही, कितीही चढलेली असली तरी.

ते वाचलं आणि मला घड्याळ आठवलं.

बाबांचं मनगटी घड्याळ. भांडं भिंतीवर आपटायच्या आधी ते घड्याळ काढायचे आणि कपाटावर ठेवायचे. हळूच. काच खाली येणार नाही अशा बेताने, पट्टा दुमडून. मग भांडं. मी हे एकदा नाही, कितीतरी वेळा बघितलं होतं, आणि बघूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं, मुलांच्या लक्षात येत नाही, त्यांना ते त्या रात्रीच्या क्रमाचा भाग वाटतो, आधी घड्याळ मग आवाज. जिन्यात शेजारचे काका भेटले तर त्यांच्याशी ते तशा अवस्थेत सुद्धा अदबीने बोलायचे, "काय म्हणताय, तब्येत?" वगैरे, आणि दार लागलं की मग. आई दर वेळी सकाळी म्हणायची, शुद्धीत नसतात गं ते. मी लायब्ररीत त्या टेबलाशी बसले होते, बाहेर दुपार होती, पंखा चालू होता, आणि मला एकदम कळलं की ज्याला घड्याळाची काच आठवते तो शुद्धीत असतो. पुस्तक मिटलं आणि बाहेर जाऊन उभी राहिले. त्या दिवशी माझ्याकडून काहीतरी काढून घेतलं गेलं, बाबांना माफ करायची जी एक सोपी वाट आम्ही सगळ्यांनी मिळून बांधली होती ती.

नंतर अॅलन मार्लॅटचा 1973 सालचा प्रयोग वाचला तेव्हा तर आणखीनच गोंधळ झाला. त्याने काय केलं, दारूचं अवलंबित्व असलेल्या काही लोकांना व्होडका-टॉनिक सांगून नुसतं टॉनिक दिलं, काहींना टॉनिक सांगून व्होडका घातलेलं दिलं. त्याआधी सगळ्यांची समजूत अशी की एक घोट पोटात गेला की अशा माणसाचा ताबा सुटतो, रसायनच त्याला ओढून नेतं. निघालं वेगळंच. ज्यांना वाटत होतं आपण दारू पितोय ते जास्त प्यायले, ग्लासात काहीही असो. मला तो प्रयोग समजला, पटला, आणि तरी त्याच्याबद्दल मनात अढी राहिली. कारण यातून लोक फार पटकन असं काढतात की मग हे सगळं मनाचेच खेळ आहेत, ताबा ठेवायचा म्हटलं तर ठेवता येतो. आत्याचं म्हणणं. आणि मी तिसऱ्या रात्रीची साक्षीदार आहे.

ती गोष्ट अशी. मी चौदा वर्षांची होते, घरात काहीतरी फार वाईट होऊन गेलं होतं आणि बाबांनी सगळ्यांसमोर शपथ घेतली, आजपासून बंद. आणि खरंच बंद केली. एकदम. आम्ही सगळे इतके खूश, आजीने तर देवासमोर डोकं टेकवलं. दुसऱ्या दिवशी त्यांचे हात थरथरत होते, कप धरता येत नव्हता, अंगाला घाम. आम्हाला वाटलं अशक्तपणा आहे, होईल बरं. आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं, आणि हे मी आता प्रत्येक घरात जाऊन सांगते, मुलाखत संपली की फॉर्म बाजूला ठेवून सांगते, की वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक बंद केली तर जीव जाऊ शकतो. मेंदूने इतकी वर्षं त्या गुंगीला तोल म्हणून स्वतःला जास्त जागं, जास्त ताणलेलं ठेवलेलं असतं, आणि गुंगी आणणारी गोष्ट एका दिवसात काढून घेतली की तो नुसता ताण उरतो. फिट येऊ शकते. दोनतीन दिवसांनी भ्रम सुरू होतो, ज्याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. डॉक्टरच्या देखरेखीखाली औषधं देऊन, बी1 हे जीवनसत्त्व देऊन हे सगळं सुरक्षितपणे पार करता येतं. आणि हे मात्र जगात सगळीकडे सारखं आहे. कुठल्याही भाषेतला, कुठल्याही रीतीने पिणारा माणूस असो, इथे संस्कृतीचं काही चालत नाही.

तिसऱ्या रात्री दोन वाजता त्यांनी मला हाक मारली. चादरीवर मुंग्या आहेत म्हणाले. किती मुंग्या आहेत गं, तुला चावतील, तू वर बस. चादर स्वच्छ होती. ते एकेक मुंगी चिमटीत धरून खाली टाकत होते, फार काळजीपूर्वक, मारत नव्हते. मी काय करावं कळेना म्हणून मी पण त्यांच्यासोबत वेचायला लागले. आम्ही दोघं कितीतरी वेळ त्या पांढऱ्या चादरीवरून नसलेल्या मुंग्या वेचत होतो, आणि मधेच ते माझा हात झटकून बघायचे, तुला चावली का. पहाटे त्यांना फिट आली आणि मग दवाखाना, तिथे पहिल्यांदा ज्यांनी तपासलं ते म्हणाले, पितात ना, मग काय होणार. त्या वाक्याचा राग मला अजून आहे. पण दुसऱ्या पाळीला एक डॉक्टर आल्या, त्यांनी सगळं नीट केलं, आणि बाबा वाचले.

मला जे मांडता येत नाही ते हेच. ज्या रात्री ते खरोखर शुद्धीत नव्हते ती रात्र त्यांनी एक थेंबही न घेतलेली होती, आणि त्या रात्री त्यांच्याइतकं प्रेमळ माणूस मी पाहिलं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालात आहे की 2019 या एका वर्षात जगभरात दारूमुळे साधारण 26 लाख लोक गेले, त्यातले 20 लाख पुरुष. सुमारे 20.9 कोटी लोक अवलंबित्वाच्या अवस्थेत होते. हे आकडे मी व्याख्यानात सांगते, स्लाइडवर टाकते, लोक हळहळतात. मी मात्र मनात दुसराच हिशोब करत असते. 20.9 कोटी माणसं, तर त्यांच्या आत येण्याचा आवाज ऐकत बसलेली माणसं किती? आमच्या दहा प्रश्नांत नवव्यात विचारलंय की तुमच्या पिण्यामुळे तुम्हाला किंवा दुसऱ्या कुणाला इजा झाली का, आणि दहाव्यात विचारलंय की नातेवाईक, मित्र, डॉक्टर कुणी काळजी व्यक्त केली का. दोन्ही प्रश्न पिणाऱ्यालाच. त्याने हो म्हटलं तर पडद्यामागचं माणूस आमच्या डेटात येतं, नाही म्हटलं तर नाही.

बरं वाटायचं कारण एवढंच की काही ठिकाणी हे लोकांच्या लक्षात आलेलं आहे आणि तेही आपापल्या रीतीने. 1935 मध्ये अमेरिकेत अॅक्रन शहरात दोन पिणाऱ्या माणसांच्या भेटीतून अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस सुरू झालं, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकत्र बसून एकमेकांना आधार द्यायचे गट, त्याचा पायाच निनावीपणा, आणि घरच्यांसाठी वेगळं अल-अॅनॉन 1951 मध्ये निघालं. जपानमध्ये ती कल्पना गेली आणि पार बदलली. तिथल्या दानशुकाई नावाच्या गटांची देशव्यापी संघटना 1963 मध्ये झाली, तिथे लोक नाव सांगतात, आणि बायको शेजारी बसलेली असते, ती पण बोलते. नवऱ्याच्या सांगण्यात काही राहिलं तर ती तिथेच सांगू शकते. झाग्रेबमध्ये 1964 साली व्लादिमिर हुडोलिन या मानसोपचारतज्ज्ञाने क्लब सुरू केले, त्यात तर पहिल्यापासून अख्खं कुटुंबच यायचं, पुढे ते क्लब इटलीत खूप पसरले. मी त्या वर्तुळातल्या खुर्च्यांची कल्पना करते, पडदा नसलेली खोली, आणि कुणीतरी म्हणतंय चार, आणि शेजारून कुणीतरी म्हणतंय सात, आणि दोन्ही ऐकले जातायत.

आणि कॅनडातलं अल्काली लेक. ब्रिटिश कोलंबियातली ही मूळनिवासी लोकांची छोटी वस्ती, मुलांना घरातून उचलून निवासी शाळांत टाकलं गेल्याच्या जखमा घेऊन जगणारी, आणि एक काळ असा होता की वस्तीतलं जवळजवळ प्रत्येक मोठं माणूस पीत होतं. 1972 मध्ये फिलिस चेल्सी आपल्या मुलांना आजीकडून घरी न्यायला गेली तर तिची सात वर्षांची मुलगी म्हणाली, मी येत नाही, तुम्ही दोघं पिता. बस, एवढंच बोलली. फिलिसने त्या दिवसापासून सोडली, काही दिवसांनी तिच्या नवऱ्याने, अँडीने सोडली. मग वर्षभरापेक्षा जास्त काळ ते दोघंच होते, बाकी वस्ती त्यांना टाळत होती, आणि मग हळूहळू एकेक जण, आणि साधारण पंधरा वर्षांत बहुतेक वस्ती दारूतून बाहेर आली होती. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आनंद झाला, आणि त्याच्या पाठोपाठ खूप जुनं काहीतरी दुखलं. मी नऊ वर्षांची होते. मी मोजत होते, मोजून वह्या आवरत होते. "मी येत नाही" हे वाक्य मला सुचलं नव्हतं. मला माहीत आहे असं वाक्य प्रत्येक घरात चालत नाही, बहुतेक घरात त्याने काही झालं नसतं, उलट मार बसला असता, आणि मुलांवर हे ओझं टाकणं चूकच आहे. तरी दुखलं.

बाबांनी नंतर बऱ्याचदा सोडली आणि बऱ्याचदा धरली. शेवटची चार वर्षं मात्र अजिबात नाही. ती चार वर्षं आम्हाला मिळाली असं सगळे म्हणतात, आणि मिळालीच, पण त्या काळात ते फार गप्प होते. दोन आकड्यांवर बूट पडणाऱ्या रात्री जी गोष्ट सांगायचे, हसवायचे, माझ्या केसात बोटं फिरवायचे ते बाबा पण दारूबरोबर गेले. मला त्यांची आठवण यायची, समोर बसलेले असताना यायची. हे बोलायला लाज वाटते कारण दारूच्या नुकसानीवर काम करणाऱ्या बाईने असं म्हणायचं नसतं. बुटांचं म्हणाल तर आता अंतर राहिलंच नव्हतं, दोन्ही एकापाठोपाठ, रोज. मी तरी मोजायचे.

परवा शेवटी मी ते फॉर्म काढून बसले. टिक बदलता येत नाही, बदलू पण नये. पण समासात जागा असते. मी पेन्सिलीने लिहिलं, "पत्नीच्या मते 7." त्याला गुण नाही, तो आकडा कुठल्याच तक्त्यात जाणार नाही, आणि माझ्या वरिष्ठांना तो दिसला तर त्या विचारतील हे काय. मग मी सांगेन. पुढच्या टप्प्यात घरातल्या दुसऱ्या एका माणसासाठी वेगळा छोटा फॉर्म ठेवावा असा प्रस्ताव लिहायला घेतलाय, बघू.

त्या रात्री आईला फोन केला. इतकी वर्षं या विषयावर आम्ही कधी सरळ बोललो नव्हतो, मी पण पहिल्यांदाच तिला बुटांचं सांगितलं, पहिला बूट, मधली शांतता, दुसरा बूट, किती आकडे झाले म्हणजे काय. ती ऐकत होती. मी विचारलं, "तू पण तेच ऐकायचीस का गं? तुला कसं कळायचं, आज किती ते?"

"बूट?" ती म्हणाली. "मी कुठे बूट ऐकत बसू. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज असायचा." मग थोडं थांबली. "मी तुझ्याकडे बघायचे. तू दप्तर भरायला घेतलंस की मी गॅस बंद करायचे."